पाठव की गं, मिन-श्वान!

स्पर्धा सुरू होऊन दोन तास उलटले होते. ताइचुंगच्या त्या क्रीडागृहात जिकडेतिकडे रंगीत फुगे डोलत होते, आणि आमचं टेबल कोरडं ठणठणीत. मामला साधा होता. तिघींत एक संगणक, समोर कोड्यांचा संच. कोडं सुटलं की त्याचा प्रोग्राम लिहून पाठवायचा. बरोबर निघाला तर आयोजकांची ताई येऊन खुर्चीला फुगा बांधते. चुकला तर भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर तुमच्या शाळेच्या नावासमोर लाल चौकोन उमटतो.

त्या लाल चौकोनाच्या भीतीनंच आमचा घात केला होता. प्रोग्राम कधीचा तयार होता. मिन-श्वाननं लिहिला होता, आणि तिच्या डोक्यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. पण बाईसाहेब शेवटच्या कळीवर बोट ठेवून बसल्या होत्या.

"पाठव की गं!"

"थांब. शून्य आलं तर काय होतं, ते एकदा बघते."

"मघाशी बघितलंस!"

"मग परत बघते. तुझं काय जातंय, आ-थिंग?"

माझं काय जात होतं? आदल्या दिवशी बसस्टॉपवर हीच बया मला म्हणाली होती, "उद्या एक तरी फुगा मिळाला तर सोमवारी शाळेत, कॉलेजला संगणकशास्त्र घेणार म्हणून सांगेन. नाही मिळाला तर आई म्हणते तेच, हिशेबनीस." तिच्या आईचं नाश्त्याचं दुकान आहे. बाई मायाळू आहे, मला दर वेळी अंड्याची पोळी जास्तीची वाढते. पण पोरीचं नाव काढलं की सुरू होते: "त्या कॉलेजच्या वर्गात चाळीस पोरं आणि ही एकटी. कशाला हवाय जिवाला घोर?"

आणि आमची शाळा! मुलींच्या शाळेत संगणकाचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी परीक्षेच्या सरावासाठी उसना घ्यायचा तास. वर्ष झालं, परत केलेला नाही. पलीकडच्या मुलांच्या शाळेबरोबर मिळून संगणक क्लबचा कार्यक्रम केला, तेव्हा प्रोग्राम त्यांनी लिहिले आणि आम्हाला पोस्टरं रंगवायला दिली. "तुमचं अक्षर छान असतं ना!" मिन-श्वाननंही मुकाट्यानं रंगवली. मी ब्रश आपटून निघून आले होते.

त्याच शाळेची पोरं आज शेजारच्या टेबलावर होती. त्यांच्या नावासमोर लाल चौकोनांची रांगच लागली होती आणि पठ्ठे खिदळत होते.

"परत लाल! ज्युन-यान, अरे चिन्ह उलटं करून बघ!"

"कशाला?"

"असंच!"

असंच! आणि त्यांच्या खुर्चीला दोन फुगे! माझं डोकं फिरलं. आम्ही म्हणजे शंभरातले दोन गुण गेले की ते कुठे गेले म्हणून घरी उलटतपासणी होणाऱ्या मुली. लाल रंग दिसला की आमचा हात आपोआप मागे जातो.

आमची तिसरी, आन-छी, इतका वेळ पेरू खात नियम वाचत होती. ती म्हणाली, "ए, ऐका. चुकलं तर दंडाचा वेळ धरतात. पण तोही ते कोडं नंतर सुटलं तरच. सुटलंच नाही तर काही नाही."

"म्हणजे चुकणं फुकट?"

"जवळपास फुकट!"

मी हात लांब केला आणि मिन-श्वानच्या बोटावरूनच कळ दाबली.

लाल.

"आ-थिंग!" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सगळ्यांना दिसलं!"

आम्ही तिघींनी मान वर केली. कोणाला काय दिसणार? अख्खं क्रीडागृह आपापल्या संगणकात तोंड खुपसून बसलं होतं. फक्त ज्युन-यान वळून म्हणाला, "उघडलं का खातं? या, या!"

"तू तुझं बघ रे!" मी खेकसले.

मिन-श्वानचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या चौकोनाकडे टक लावून बघत होती, आणि हळूहळू तिचे कान लाल झाले. ही तिची जुनी खूण. डोकं पेटलं की कान पेटतात.

"शून्याचं तर मी दहादा तपासलंय," ती पुटपुटली. "म्हणजे ते नाही. म्हणजे... मोठा आकडा! आकडा मावत नाहीये! सरक, सरक!"

तिनं दोन ओळी खोडल्या, तीन लिहिल्या आणि या वेळी कळ स्वतः दाबली. लाल. ती चक्क हसली. "अय्या, इथंही तोच घोळ!" परत लिहिलं, परत दाबलं, दाबताना बघितलंसुद्धा नाही.

हिरवा!

आन-छीचा पेरू खाली पडला. मी किंचाळले की नाही मला आठवत नाही, गळा मात्र दोन दिवस बसला होता. आयोजकांची ताई नारिंगी फुगा घेऊन धावत आमच्याच रांगेत आली, आमच्याकडे बघून गोड हसली, आणि पुढे जाऊन फुगा ज्युन-यानच्या खुर्चीला बांधू लागली.

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी खुर्ची सरकल्याचा मोठा आवाज झाला. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालून बसणारी मिन-श्वान ताठ उभी होती.

"ओ ताई! तो आमचा आहे!"

आता मात्र खरंच सगळ्यांनी बघितलं. टेबलंच्या टेबलं वळली. ती बसली नाही.

"अगं, सॉरी हं," ताई गोंधळली. "मला वाटलं, यांचाच..."

"आमचा आहे. मी सोडवलंय."

तिनं स्वतः जाऊन दोरा सोडवला आणि फुगा आमच्या खुर्चीला बांधला. गाठ काही केल्या बसेना. शेवटी मी दोरा धरला.

"आ-थिंग," ती कुजबुजली, "आज घरी माझ्याबरोबर चल. आईला आजच सांगून टाकते."

"सोमवारी सांगायचंय ना?"

"छे. सोमवारपर्यंत थांबले तर पुन्हा तपासत बसेन मी."