पुसायचं राहिलेलं तेल

मामा आठ दिवस गुडघ्यांवर बसून खोलीची लाकडी जमीन घासत होते. घर भाड्याचं. फळ्या जातिवंत लाकडाच्या, पण भाडेकरूंच्या पिढ्यांनी त्यांची रया घालवलेली. घरमालकानं सांगितलं होतं, "करा काय ते स्वतःच्या हातानं. फळ्या मात्र बदलायच्या नाहीत."

एवढा खटाटोप भाचीसाठी होता. मामांची बहीण गेली तेव्हापासून तिची चार वर्षांची पोर बालगृहात होती. मामा-मामींना तिला घरी आणायचं होतं. बालगृहाच्या बाई घर बघायला आल्या, तेव्हा पोरही सोबत होती. ती अनवाणी धावली आणि तळपायात फळीचं बोटभर कुसळ घुसलं. बाईंनी वहीत लिहिलं, 'आधी जमीन, मग मूल.' पुढची भेट दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी ठरली.

यंत्र भाड्यानं आणणं परवडणारं नव्हतं. शेजारच्या सुतारकाकांनी फुकटातली रीत शिकवली. फुटक्या काचेच्या धारेनं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं खरवडायचं, मग पॉलिश पेपर, शेवटी जवसाचं तेल. "आणि हे बघ, तेल लावलं की वीस मिनिटांनी सगळं पुसून घ्यायचं. लाकूड पितं तेवढंच त्याचं."

पुसायचं मामांच्या जिवावर आलं. पोरीच्या पायाखालचं लाकूड, तिथे हात कशाला आखडायचा? मंगळवारी त्यांनी एक हात दिला, बुधवारी त्यावर दुसरा, चांगला सढळ.

गुरुवारी सकाळी मामींनी खोलीत दोन पावलं टाकली आणि त्या थांबल्या. "अहो, मी आलेय, पण चप्पल यायला तयार नाही."

सुतारकाकांनी दारातूनच वाकून जमिनीला बोट लावलं. "अरे, तेल पाजायला सांगितलं होतं, अंघोळ घालायला नाही! आता टर्पेंटाइननं पुसून काढ. वाळायला आठ-दहा दिवस तरी जातील."

"काका, बाई अकरा वाजता येतायत."

मामांनी धावत जाऊन आतली चटई आणली आणि पसरली.

"झाकून झाकणार किती?" मामी म्हणाल्या.

बाई आल्या. त्या सरळ खाली बसून चटईचा कोपरा उचलू लागल्या. चटई उठेना. जोर लावल्यावर टर्रकन फाटली आणि निम्मी जमिनीलाच चिकटून राहिली.

"हे काय?"

मामांनी सगळं सांगितलं, न पुसलेल्या तेलापासून आत्ताच्या चटईपर्यंत. बाईंनी उघड्या फळीवरून तळहात फिरवला. हात चिकट झाला.

"कुसळ एकही नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा जमिनीवर मूल कसं आणू? आणि चटई घालायला नको होती तुम्ही. दोन आठवड्यांनी येते. तेव्हाही असंच असलं, तर मला दुसरं घर बघावं लागेल." त्यांनी फोन लावून मामांपुढे धरला. "सकाळपासून पिशवी घेऊन बसलीय ती. तुम्हीच सांगा तिला."

"मामा, मी बूट घातलेत!"

"बाळा, जमीन अजून ओली आहे गं."

"मग मी उडी मारून येते."

"नको. थोडं थांबायचं."

"किती वेळा झोपायचं?"

"चौदा वेळा."

पलीकडे पोर बोटं मोजू लागली. दहाला थांबली. "मामा, माझी बोटं संपली."

"पुढची माझी मोजू," मामा म्हणाले. तेलानं बरबटलेला हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि एकेक बोट मिटत मोठ्यानं मोजलं, "अकरा... बारा..."

मामी टर्पेंटाइनची बाटली आणि कोरडी फडकी घेऊन केव्हाच खाली बसल्या होत्या.