बिंदुमाधवांची कंबर

कुशलचं लग्न झालं ते दोन हजार एकोणीस साल. त्याच साली, दारचा मांडव उतरतो न उतरतो तोच, त्याच्या वडिलांची, बिंदुमाधवांची, कंबर धरली. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी गोल्फच्या काठ्या खांद्याला लावून, काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीतले सांड चुकवत, खेळायला निघायचा. त्या दिवशी काठी फिरवताना अशी उसण भरली, की चेंडू जागच्या जागी राहिला आणि हे रिक्षात आडवे होऊन घरी आले.

घरात नवी सून स्वरदा फिजिओथेरपिस्ट. पण सुनेसमोर सदरा वर करायचा कसा? बिंदुमाधव गुपचूप आखाड्यातल्या पहिलवानाकडून कंबर ओढून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना.

"सुटला आता खेळ," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

शरदिनीबाई कणीक मळत होत्या. "खेळ सुटला तर दिवसभर माझ्या डोक्यावर बसाल. स्वरदा, मला शिकव गं. अक्कल तुझी, हात माझे."

मग रोज स्वरदा अर्ध्या पडद्याआडून सांगायची, "आई, मणक्यावर नको, बाजूला दाबा. बाबा, तुमचे खुबे आखडलेत, म्हणून काठीचा सगळा पीळ कमरेवर येतो. यापुढे आधी अंग मोकळं करायचं, मगच काठी उचलायची."

"अगं, दुखतंय!"

"लक्ष देऊ नकोस. दाढी करतानाही असेच ओरडतात."

दोन महिन्यांनी बिंदुमाधव संकठा घाटावर काठी खांद्यांवर आडवी धरून सावकाश डावीउजवीकडे वळू लागले. नावाडी हसायचे, "का चाचा, काँवर लेके कहाँ?" कावडीच्या त्या थट्टेकडे कानाडोळा करून हे आपले आकडे मोजत राहायचे.

ज्या दिवशी चेंडू पुन्हा लांब गेला, त्या दिवशी ते धावतपळत बायकोला सांगायला आले.

"झालं ना? आता माझे हात कोण दाबणार?"

तेव्हापासून दुपारचा चहा झाला की ते तिचे हात दाबून द्यायचे.

चार वर्षांनी तिरडी मणिकर्णिकेला निघताना कुशल म्हणाला, "बाबा, तुम्ही खांदा नका देऊ. कंबर..."

बिंदुमाधवांनी दारातल्या सुनेकडे पाहिलं.

"गुडघ्यातून वाका, बाबा," स्वरदा म्हणाली.

ते गुडघ्यातून वाकले, उठले आणि घाटापर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही.

शरदिनीबाई दोन हजार तेवीस साली, कार्तिक वद्य अष्टमीला सकाळी वारल्या.