एकच पॅकेज

साताऱ्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी सव्वीस वर्षं पोरांना लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली शिकवली आणि दर वर्षी एक वाक्य फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या: एका मशीनवर स्टेबल आणि डेव्हलपमेंट पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे संच, मिसळायची नाहीत. स्टेबल म्हणजे तावूनसुलाखून घेतलेलं, वर्षानुवर्षं न बदलणारं. डेव्हलपमेंट म्हणजे रोज नवं येणारं, काल चाललेलं आज मोडणारं. पोरं त्याला 'चिंतामण सरांचं सोवळं' म्हणायची. म्हणोत बापडी. माझं म्हणणं खरंच होतं, आणि ते मीच मोडलं.

आमच्या घरातलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, माझ्या बायकोचं, चारुशीलाचं. ती इथल्याच कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट होती. दोन वर्षांपूर्वी तिला विसर पडू लागला. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग शेजाऱ्यांची नावं, मग एकदा मलाच. पण सकाळी अकराला, कोर्टाच्या वेळेला, ती केस विंचरून मशीनपुढे बसायची आणि जर्मनीतल्या लेकीला, ऋचाला, चार ओळी टाइप करायची. जुन्या टायपरायटरच्या कळफलकावर, खाली न बघता. 'चि. ऋचास अनेक आशीर्वाद. आज दोडक्याची भाजी. तुझे बाबा खोकतात, ऐकत नाहीत.' डॉक्टर म्हणाले होते, घरातली खुर्चीसुद्धा हलवू नका, बोटांत उरलंय ते टिकवा. म्हणून त्या मशीनवर मी काहीही बदलत नसे.

ऋचाला आईला टाइप करताना बघायचं होतं. फोन तोंडापुढे धरला की चारू तो बाजूला सारायची. ऋचा म्हणाली, "बाबा, त्या खुर्चीत बसली की आई पहिल्यासारखी असते. एकदा बघू द्या ना." मी कॅमेरा बसवला. पण स्टेबलमधला व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम इतका जुना, की तिकडे जोडलाच जाईना. नवा होता तो डेव्हलपमेंटमध्ये. एकच पॅकेज तर घ्यायचंय, मी मनाशी म्हटलं. एकच! सव्वीस वर्षं पोरं हेच म्हणायची आणि मी त्यांच्यावर खेकसायचो.

त्या एकाला नव्या लायब्ऱ्या, म्हणजे आधाराला लागणारी इतर पॅकेजेस, हव्या होत्या, त्या लायब्ऱ्यांना आणखी नव्या. पडद्यावर यादी आली: एकशे बारा पॅकेजेस बदलतील, नऊ काढली जातील, पुढे जायचं का? मी यादी वाचली नाही. लेकीला कधी एकदा आई दाखवतोय, असं झालं होतं. 'हो' दाबलं.

कॉल लागला, ऋचा दिसली. अकराला चारू येऊन बसली, बोटं ठेवली, आणि पडद्यावर भलतीच अक्षरं उमटली. काढलेल्या नऊ पॅकेजेसमध्ये तिचा कळफलक, म्हणजे कुठल्या कळेला कुठलं अक्षर ते ठरवणारी टायपरायटरची मांडणी, होता. तिने पुन्हा टाइप केलं. मग स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, एकेक बोट पदराने पुसलं, पुन्हा कळांवर ठेवलं.

"अहो, माझी बोटं बिघडली."

एकतीस वर्षांत जिच्या कागदात साहेबांना खाडाखोड सापडली नाही, ती हे म्हणत होती. मी म्हणायला हवं होतं, अगं, चूक माझी आहे. त्याऐवजी मी घाईघाईत कळा बडवत ओरडलो, "थांब गं, मध्ये मध्ये करू नकोस!" पडद्यावर ऋचा रडत होती. त्या ओरडण्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

जुन्या आवृत्त्या परत बसवायला गेलो तर गुंता वाढतच गेला. शेवटी सगळं पुसून जुन्या डीव्हीडीवरून पुन्हा मांडलं. पाच दिवस गेले. कळफलक, चिन्हांच्या जागा, मागचं चित्र, सगळं होतं तसं केलं. कामाला येणाऱ्या राहीबाई कोरेगावकडच्या. त्या रोज विचारायच्या, "आवं काका, काकू आज बी बसल्या न्हाईत व्हय?" पाचव्या दिवशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "लय झ्याक चालत हुतं की. कशापायी हात लावला?"

सहाव्या दिवशी अकराला चारूला मशीनपाशी घेऊन गेलो. ती दारातच थांबली. "मला नाही हो येत हे. दुसऱ्या कुणा बाईंना बोलवा." तिची बोटं धरून कळांवर ठेवली, पण बोटं तशीच पडून राहिली. महिनाभर रोज बसवलं. मशीन पूर्ववत झालं, ती झाली नाही.

आता अकराला मीच बसतो. कळफलक तिचाच ठेवलाय, त्यामुळे दोन बोटांनी एकेक अक्षर शोधावं लागतं. 'चि. ऋचास अनेक आशीर्वाद. आज दोडक्याची भाजी.' काल चारू शेजारच्या पलंगावर बसली होती. बराच वेळ माझी खटखट ऐकून म्हणाली, "फार हळू चालतंय तुमचं. नवीन लागलात का कोर्टात?"

"हो," मी म्हणालो. "परवाच."

"होईल सवय. चूक झाली तर घाबरू नका, मी सांगेन साहेबांना."

मला पुढचं अक्षर दिसेना. ती वाट बघत बसून राहिली.