संत्र्यांच्या मुळाशी झालेली कत्तल

मी गांडूळ. बोलतोय म्हणा नाहीतर बोलतेय म्हणा, आमच्यात दोन्ही खरं असतं. सोयीसाठी बोलतोय म्हणतो.

होआ बिन्ह प्रांतातल्या डोंगरउतारावर मेनची संत्र्याची बाग आहे, तिथे माझा जन्म झाला. बागेच्या खालच्या अंगाला, ओढ्यापर्यंत, तिच्या धाकट्या भावाची, चिएनची बाग. मी मोहरीच्या दाण्याएवढ्या कोशातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्याबरोबर एक भावंडही होतं. वाटेत गोम भेटली आणि तिने त्याला कचाट्यात धरून माझ्यादेखत खाल्लं. मी मागे न बघता खाली घुसलो.

वरच्या माणसांना वाटतं, मातीत शांतता असते. कसली शांतता! इथे बुरशी जिवंत सूत्रकृमींना फास टाकून पकडते, मुंग्या आमची पिल्लं ओढून नेतात आणि जिवाणू तर एकमेकांवर विष सोडतात. पण त्या मेलेल्या जिवाणूंची प्रेतं चिकणमातीच्या कणांना अशी घट्ट बिलगतात की वर्षानुवर्षं सुटत नाहीत. शेतकरी ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतो, ज्याच्यामुळे माती काळी आणि हाताला मऊ लागते, त्यात ही प्रेतंच बरीच असतात.

माझं काम ओढण्याचं. वर पडलेलं पान उघड्यावर कुजलं तर त्यातला बहुतेक कर्ब वाऱ्यावर जातो. मी ते पान बिळात ओढतो, मातीबरोबर गिळतो आणि मागे बारीक गोळ्या टाकत जातो. गोळीच्या आत कर्ब कोंडून राहतो. खोटं कशाला बोलू, गिळताना थोडा मीही उडवतो. श्वास मलाही घ्यावा लागतो. पण उरतं तेही पुष्कळ असतं.

मेन आधीपासून आमची कैवारी होती असं समजू नका. पाठीवर पंप अडकवून तिने किती वर्षं तणनाशक मारलं! आमच्या म्हाताऱ्यांची कातडी त्याने सोलून निघाली होती. जमीन विटेसारखी झाली. मग एका वादळी पावसात वरची माती वाहून गेली, झाडांची मुळं उघडी पडली आणि तिने तो पंप दगडाने ठेचला. तेव्हापासून ती गवत कापून तिथेच टाकते.

तिचा नवरा बिएन कुरकुरायचा. "लोक हसतायत. बाग आहे की रेड्याचा गोठा?"

"हसू देत. रेडा निदान शेण तरी टाकतो, लोक तेही टाकत नाहीत."

आम्हाला कान नाहीत. पण मेन बोलते तेव्हा तिच्या टाचांतून सगळं खाली उतरतं.

आम्ही पुन्हा वाढलो. माती फुगली, पाणी आत मुरायला लागलं. आणि तेवढ्यात शेजारच्या खोऱ्यात गांडुळं वाळवण्याची भट्टी निघाली. आम्हाला उभं चिरायचं, धुवायचं, वाळवायचं आणि औषधाच्या नावाखाली सीमेपार पाठवायचं. जमिनीत वीज सोडून आम्हाला वर काढायला चिएनने बॅटरीचा खोका आणि दोन लोखंडी सळया विकत आणल्या. पहिल्यांदा त्याने स्वतःची बाग रिकामी केली. मग तो वर, बहिणीकडे आला.

"ताई, एकदाच. वरवरची उचलतो. खाली पुन्हा होतात की."

"तुझ्याकडे झाली का पुन्हा?"

"माझी जमीनच कडक आहे."

"कशाने कडक झाली रे? तुझ्या टाळक्याच्या संगतीने?"

"म्हणजे किड्यांपायी सख्ख्या भावाला नाही म्हणतेस?"

"किडे गेले की माझी बाग ओढ्यात जाते. आत पाय टाकलास तर हाडं मोडीन."

तो हसला. ती हसली नाही.

पुढे बिएनच्या पुतणीचं लग्न निघालं. सगळं गाव तिकडे लोटलं. झांजांचा दणदणाट दरीपलीकडून आमच्या मातीपर्यंत येत होता. आभाळ झिरपत होतं, जमीन ओलीचिंब होती. वीज वाहायला याहून चांगली जमीन कुठली?

सळया रुतल्या. पुढचं सांगताना अजून अंग आक्रसतं. आग बाहेरून लागत नाही, प्रत्येक वळ्याच्या आतून लागते. शरीर आपलं राहत नाही. सगळी बिळं एकदम वर धावली. खोल जायचं कळत होतं, तरी अंग वरच जात होतं. उजेडात हजारो जण एकमेकांवर आपटत होते, गाठी होऊन तडफडत होते. काहींची तिथेच दोन शकलं झाली. कोवळी पिल्लं तर वर येण्याआधीच ताठ झाली. चिएन रबरी मोजे घालून मुठीमुठीने गोणीत कोंबत होता आणि सळया पुढे रोवत होता. मी संत्र्याच्या मुळात आणि दगडात अडकलो होतो. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. धक्का बसला की दगडावर आपटत होतो.

मेन डुकरांना चारायला म्हणून लग्नातून परत आली. अंगावर नवे कपडे, पायात काही नाही. तिने गोण्या पाहिल्या, ओटीवरची कुदळ उचलली आणि धावत सुटली.

"चिएन!"

"ताई, पुढे येऊ नको! करंट चालू आहे!"

ती कशाला ऐकते! तिने कुदळ सळईवर घातली. ओल्या दांड्यातून झटका बसला आणि ती फेकली जाऊन तोंडावर पडली. तिचं थरथरणं आम्हाला ओळखीचं होतं. आम्हीही तसेच थरथरत होतो.

चिएनने खोका बंद केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, ए ताई! ऊठ ना गं!" तिचे गाल तो रबरी हातांनी थोपटत होता.

तिने डोळे उघडले. तोंडातली रक्ताळलेली माती थुंकली. उठली आणि कुदळीच्या दांड्याने त्याच्या खांद्यावर असा तडाखा दिला की हाड मोडल्याचा आवाज खाली मुळापर्यंत आला. तो गुडघ्यावर बसला. दुसरा तडाखा तिने खोक्यावर घातला. मग तिसरा, मग कितीतरी. झाकण उडालं, तारा लोंबल्या, तरी ती थांबेना.

"मारलंस मला," चिएन विव्हळत म्हणाला. "सख्ख्या भावाला मारलंस."

"तू मला जिवंत ठेवलंस का? बघितलंस मी पडले ते?"

 तो हात धरून रडत उतार उतरून गेला. मेनने गोण्या उलट्या केल्या. आतले बहुतेक मेलेले होते. जे हलत होते त्यांच्यावर तिने गवत लोटलं आणि तिथेच बसून राहिली. 

त्या पावसाळ्यात काय झालं ते पुस्तकात वाचायला नको. कापलेलं गवत तसंच वर पडून राहिलं, ओढायला कोणी नव्हतं. मातीला पापुद्रा धरला. मेनच्या बागेतल्या वरच्या ओळी कशाबशा तगल्या. चिएनच्या बागेतली उरलीसुरली काळी माती मात्र ओढ्यात गेली. त्याची झाडं हाडकुळ्या पायांवर उभी असल्यासारखी दिसायला लागली.

पाऊस ओसरला तशी मेन वाचलेल्या ओळींतली माती आमच्यासकट खणून मेलेल्या ओळींत नेऊन टाकू लागली. चिएन बांधावर येऊन उभा राहिला. हात गळ्यात बांधलेला. 

"ताई, एक टोपली मिळेल?"

"टोपली आणलीस?"

"हात असा आहे..."

"दुसरा आहे ना? की तोही मोडू?"

तो खाली गेला आणि टोपली घेऊन आला. मेनने फावडं मारलं. पातं माझ्या शेपटाकडून आरपार गेलं. तुम्हाला वाटतं, एका गांडुळाची दोन होतात. होत नाहीत. मागचा तुकडा थोडा वळवळला आणि मेला. मी पुढचा, म्हणून उरलो. तिला ते दिसलं. ती थबकली, पण थांबली नाही. न मारता खणता येत नाही, हे तिला माहीत होतं, मलाही.

"पेंढा टाक वर," ती भावाला म्हणाली. "उपाशी ठेवलीस तर पुन्हा देणार नाही. आणि खांदा शेकत जा."

आता मी चिएनच्या जमिनीत आहे. इथे खायला काही नव्हतं. चारी बाजूंना घट्ट, पिवळी, मुकी माती. बरोबर आलेल्यांतले निम्मे पहिल्या उन्हातच वाळले. मी जखम मिटेपर्यंत गुंडाळून पडून राहिलो. मग वर खसखस झाली. एका हाताने पेंढा पसरताना चिएन शिव्या देत होता, स्वतःलाच.

त्यातली एक काडी मी धरली आहे. अर्धी आत आली आहे. या बाजूने कोणी जाणार असाल, तर जरा बांधावरून जा.