रुजू, मध्यान्हपूर्व

आमच्या खात्याची पाटी चार वेळा रंगवली, फळी मात्र तीच. बाबा तिथे शिपाई म्हणून लागले तेव्हा ‘नेमणूक शाखा’ होती. मी लागले तेव्हा ‘आस्थापना’. मग ‘कार्मिक’ झालं, आणि आता म्हणे ‘मनुष्यबळ विकास’. काम विचाराल तर एकच: सरकारी माणूस नोकरीत कधी आला, कुठे बदलला, कधी वर चढला आणि कधी घरी गेला, हे लिहून ठेवायचं. पूर्वी ती माणसं होती, मग कर्मचारी झाली, आता बळ झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

यंदा सगळी सेवापुस्तकं संगणकात भरायचा हुकूम निघाला. नवा फॉर्म पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. रुजू झाल्याची तारीख होती, पण मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर, हा रकानाच नव्हता. संगणकवाले म्हणाले, “बाई, अर्ध्या दिवसाने काय फरक पडतो?”

अरे, माझी अख्खी नोकरी त्या अर्ध्या दिवसावर उभी आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी मी आणि माझ्याच शाखेतली एक जण, आम्ही दोघी एकाच तारखेला रुजू झालो. मी जेवणाच्या सुट्टीआधी, ती सुट्टीनंतर. म्हणून ज्येष्ठता यादीत मी वर, ती खाली. म्हणून मी सकाळबाई, ती दुपारबाई. ही नावं मीच पाडली होती, पहिल्याच आठवड्यात, आणि ऑफिसने उचलून धरली. आता अधीक्षकाची एक जागा रिकामी झाली होती. एकच जागा. तारीख सारखी धरली तर वयाने मोठी ती वर, आणि दुपारबाई माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी. दोघी निवृत्तही एकाच महिन्यात होणार. म्हणजे ती अधीक्षकाच्या खोलीत बसली की माझा विषय संपला.

ती खोली मला हवी होती. बाबा सव्वीस वर्षं तिच्या दाराशी स्टुलावर बसले. घंटी वाजली की उठायचे. मी शाळेतून डबा द्यायला यायचे तेव्हा म्हणायचे, “आत डोकावू नकोस.” आत एकदा हक्काने बसायचं, हे मी तेव्हापासून मनाशी बांधलेलं. बाबा गेले, स्टूल गेलं, तिथे पाण्याचं मशीन आलं, पण माझ्या मनातून काही ते जाईना.

मग मी भांडले. दोन अर्ज टाकले, साहेबांच्या केबिनच्या इतक्या खेपा घातल्या की शिपाई मला पाहून आपणहून दार उघडू लागला. शेवटी साहेब वैतागले. “द्या यांना त्यांचा रकाना, पण मला सोडवा.” रकाना आला. दुपारबाई एवढंच म्हणाली, “बरं केलंस. सगळ्यांच्या नोंदी नीट होतील.” टोमणा होता की काय, कळेना. चोराच्या मनात चांदणं.

आता नियम असा की स्वतःचं पुस्तक स्वतः भरायचं नाही. माझं तिच्याकडे गेलं, तिचं माझ्याकडे आलं. तिने माझं दोन दिवसांत संपवलं. तिचं माझ्या टेबलावर आठवडाभर पडून होतं. उघडायचे, मिटायचे. पाणी प्यायला उठायचे, तहान नसताना. घरी नवऱ्याने विचारलं, “बूड का टेकत नाही तुझं?” त्याच्यावरच खेकसले.

कारण रुजू व्हायच्या त्या दिवशी ती दुपारी आलीच नव्हती. दहा वाजता रांगेत माझ्या पुढे उभी होती. माझा जन्मदाखला घरी राहिला होता. बाबांना ड्युटी सोडता येईना, मला रांग सोडवेना. ओळख ना पाळख, पण तीच म्हणाली, “माझ्याकडे सायकल आहे, पत्ता सांग.” दाखला घेऊन आली तेव्हा घामाने निथळत होती. वर म्हणाली, “आधी तू कर सही, मला धाप लागलीये.” मी सही केली. मोठ्या कारकुनाने लगेच पेनाला टोपण लावलं. “बाकीचे जेवणानंतर.”

दोन शब्द बोलायचे होते. ही दहापासून उभी आहे, माझ्यासाठी गेली होती. मी बोलले नाही. बाबांनी आदल्या दिवशीच शिकवून ठेवलं होतं, “एक सही आधी, तर जन्मभर पुढे.” मी टोपणाकडे बघत राहिले आणि आठवडाभरात तिला दुपारबाई केलं.

शुक्रवारी मी तिचं पुस्तक उघडलं आणि रकान्यात ‘म.पू.’ निवडलं. संगणकाने विचारलं, मूळ नोंदीपेक्षा वेगळं, पुरावा? मी कोरा कागद घेतला, घडलं ते सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवला.

तिने चष्मा लावला. सावकाश वाचलं. पेन्सिलीने एका ठिकाणी खूण केली.

“सायकल लाल नव्हती. निळी होती.”

“बरं.”

“बाकी बरोबर आहे.” तिने चष्मा काढला. “एक पान आहे गं. एवढं लिहायला एकोणतीस वर्षं?”

“तू तरी कधी बोलली असतीस,” मी म्हटलं.

“मी काय बोलणार? तूच सगळ्यांना हसवत होतीस. मीही हसायचे.”

तिने कागद फायलीला लावला आणि पुढचं पुस्तक ओढलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. पश्चात्तापाने म्हणायला बरं वाटतं, पण निम्मं रडू त्या खोलीसाठीच होतं. खोटं कशाला बोलू.

यादी लागली. दोघी म.पू., तेव्हा अकरा दिवसांनी मोठी ती पहिली, मी दुसरी. सोमवारी ती अधीक्षक म्हणून रुजू झाली. रुजू अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. मी पाण्याच्या मशीनपाशी जरा थांबले, मग दार ढकलून आत गेले. ती खुर्चीत न बसता टेबलाशी उभी होती.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“दहा वीस.”

मी वेळेपुढे ‘म.पू.’ लिहिलं. तिने वाकून पाहिलं.

“पुसट आलंय,” ती म्हणाली. “नीट गिरव.”

मी गिरवलं.