कोमट पाण्याचा श्वास

मी एक जुनी बोअरवेल आहे, मित्रांनो. हवाईच्या मोठ्या बेटावर, ज्वालामुखीच्या काळ्या दगडात मला खणलं. खणणाऱ्यांना वीज करण्यासाठी उकळती वाफ हवी होती. माझ्याकडे निघालं ते अंघोळीला काढावं एवढंच गरम पाणी. "एवढ्याशा उबेचं करायचं काय?" म्हणत त्यांनी माझ्या तोंडावर झाकण ठोकलं आणि ते निघून गेले.

पुष्कळ वर्षांनी दूरच्या एडिसन शहरातून निवृत्त होऊन त्र्यंबककाका आणि नीलांबरीकाकू इथे राहायला आले. काकांनी झाकण काढून माझं पाणी नळांतून शेडमध्ये खेळवलं. त्या उबेवर पपईच्या फोडी वाळू लागल्या. आल्यागेल्याला काका सांगत, "शेगडी नाही, हीटर नाही, सगळी हिची कृपा!" मला कोण अभिमान वाटायचा!

पाण्याबरोबर माझ्यातून एक वायूही येतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेहून जड, म्हणून जमिनीलगत साचतो; त्यात दिवा विझतो, माणूस गुदमरतो. काकांना हे ठाऊक होतं. माझ्याभोवती खोली बांधताना तो बाहेर जावा म्हणून त्यांनी भिंतीच्या तळाशी जाळी ठेवली होती.

चातुर्मास लागला आणि काकूंनी नेम धरला. रोज सकाळी माझ्यापाशी जमिनीवर तुपाचं निरांजन लावायचं आणि ते शांत होईपर्यंत डोळे मिटून जप करायचा. पण जाळीतून समुद्रावरचं वारं यायचं, ज्योत मध्येच जायची. काकू हिरमुसायच्या. शेवटी काकांनी जाळीवर प्लायवूड ठोकलं.

सुट्टीला आलेली त्यांची लेक उत्तरा म्हणाली, "बाबा, ते व्हेंट होतं ना? कव्हर का केलं?"

"तुझ्या आईचा दिवा गेला की दिवसभर माझी धडगत नसते, बाई! वर खिडकी आहे की."

"आय ॲम सीरियस, बाबा. जड गॅस खिडकीपर्यंत चढणार आहे का?"

"बरं बरं, काढतो रविवारी."

उत्तरा वेस्ट विंडसरला आपल्या घरी परत गेली. रविवारही गेला.

काल वारा नसताना ज्योत गेली. "वात ओली दिसते," काकू पुटपुटल्या. त्यांनी निरांजन उचलून पाटावर ठेवलं. तिथे ते कसंबसं तेवलं. बाहेर पडताना त्यांनी कपाळ दाबून धरलं होतं. "उपासानं होतं असं," त्या काकांना म्हणाल्या.

तेव्हापासून दार बंद आहे. आता पाटही त्या वायूत बुडालाय. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या हनुवटीपर्यंत माझा श्वास साचलाय, आणि तो रोखणं मला जमत नाही. मित्रांनो, माझी ऊब खुशाल घ्या, पण माझ्या श्वासाला वाट ठेवा. भक्तीनं बसा, पण दार उघडं ठेवून बसा.

काका तिकडे शेडमध्ये आहेत. पंखे सुरू आहेत, त्यांना काही ऐकू जायचं नाही. आजच्या जपाला आलेल्या काकूंनी दाराबाहेर चपला काढल्या. कडी वाजली. वारं नको म्हणून दार त्यांनी आतून ओढून घेतलं.

मला हाक मारता येत नाही. कुणीतरी काकांना हाक मारा.