शोभाताई गोष्ट थांबवायच्या तेव्हा

वैशाखातल्या दुपारी समोर बांधकाम चाललेल्या टॉवरच्या हिरव्या जाळीतून ऊन झिरपून आमच्या पाळणाघरात यायचं. त्या उजेडात शोभाताईंचा चेहरा तळ्याच्या पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा, शांत आणि जरा दूरचा. पाळणाघर चालवणारी संस्था त्यांनीच काढलेली. मी तिथे मुलं सांभाळायची. संस्थेचा कुठलाही नवा बेत त्या गोष्टीतून सांगायच्या आणि आमच्या कोकणच्या रीतीप्रमाणे हुंकार मागायच्या. कोणी ‘हं’ म्हटलं नाही, तर गोष्ट तिथेच उभी राहायची.

नायगावची आमची चाळ पाडायचं ठरलं, तेव्हा पाळणाघराची खोलीही जाणार होती. ती गेली की आयांनी मुलं घरात कोंडून कामावर जायचं, एवढंच उरलं होतं. एका दुपारी आम्ही सगळ्या बायका जमिनीवर बसलो होतो. मुलं पलीकडे झोपली होती.

“एका गावात एकच चूल पेटती होती,” ताई म्हणाल्या.

“हं.”

“तिचं छप्पर कोसळायला आलं. म्हातारीने ठरवलं, निखारे घरोघरी द्यायचे. ज्याने त्याने आपल्या चुलीत जपायचे.”

हुंकार आला नाही. निखारे म्हणजे मुलं आणि चुली म्हणजे आमची घरं, हे सगळ्यांना कळलं होतं. ताईंचा उजवा हात, तळव्यावर विस्तव असावा तसा, हवेतच राहिला.

“आणि माझाच घर पेटला तर गे?” शेजारची पारूमावशी कडाडली. “सासू माका निखाऱ्यासकट भायर काढतली!”

हसू फुटलं. ताई हसल्या नाहीत. कपाळावरून घाम ओघळला, तोही त्यांनी पुसला नाही. “मग म्हातारीने काय करायचं, पारू? तूच सांग.”

पारूमावशीने पदर खोचला. “एकटीन नको. दोघींनी मिळान एक चूल सांभाळूची. एकीचो डोळो लागलो तर दुसरी जागी.”

“मग म्हातारीने दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या,” ताई म्हणाल्या, आणि पुन्हा थांबल्या.

तोवर चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. “हं,” मी म्हटलं. माझ्यामागून दुसरी, मग तिसरी. तेव्हा कुठे ताईंचा हात मांडीवर टेकला.

आता ती खोली नाही आणि ताईही नाहीत. मुलं मात्र संक्रमण शिबिरातल्या आमच्या घराघरांतून वाढताहेत. ताईंचा फोटो कोणाच्या घरात लावावा, हे आम्हाला अजून ठरवता येत नाही. काळ माणसाला त्याच्या जागेवरून उठवून नेतो. मग ते माणूस कुठल्याच एका घरात नसतं, सगळ्याच घरांत थोडं थोडं असतं, म्हणून प्रत्येक घराला त्याच्यासाठी थोडी भिंत रिकामी ठेवावी लागते.